पाळण्याचा महिन्याचा हिशेब

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या मराठी घरांत तान्ह्या बाळावर दरमहा किती खर्च होतो, आणि त्यातला किती खरोखर करावा लागतो?

घरात पाळणा हलला की पहिले बारा दिवस कुणी पैसे मोजत नाही. पेढे, बारसे, बाळंतिणीचे लाडू, पाहुण्यांची ये-जा या सगळ्यात हात सैलच असतो. दुसऱ्या महिन्यात मात्र नवरा-बायको रात्री वही घेऊन बसतात आणि एकमेकांकडे बघत राहतात. एवढासा जीव, धड तीन-चार किलोचा, आणि किराण्याच्या बिलाशी बरोबरी करतो म्हणजे काय!

हे दृश्य पुण्यात, नागपुरात, डोंबिवलीत सारखेच. आम्ही मात्र हा हिशेब मांडायला निवडले आहे मुलुखाबाहेरचे एक ठिकाण, चेन्नईचे जॉर्ज टाउन. त्याला कारण आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, कडेगाव या कोरडवाहू तालुक्यांतून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी माणसे देशभर गेली. जिथे सराफ बाजार, तिथे विट्याकडचा एखादा गलाईवाला भेटायचाच. चेन्नईचा सराफ बाजार जॉर्ज टाउनच्या साहुकारपेठेत आहे, तेव्हा मराठी बिऱ्हाडेही तिथे थाटली गेली. खाली दुकाने, वर खोल्या, गल्लीत हातगाड्या आणि गायी. अशा खोलीत विटा-आटपाडीकडची सून आपले पहिले मूल वाढवते. सासू-आई हजार किलोमीटरवर, शेजारीण तमिळ किंवा मारवाडी आणि डॉक्टर इंग्रजीत बोलणारा. तिच्या वहीतला हिशेब आपल्या वाचकांना बरेच काही सांगून जाईल.

घाऊक बाजार दाराशी

ब्रिटिश अमदानीत या वस्तीला ब्लॅक टाउन म्हणत. १९११ साली, पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणानंतर, तिचे जॉर्ज टाउन झाले. मराठी माणसाला तिथे परके वाटू नये असे एक ठिकाण म्हणजे तंबू चेट्टी स्ट्रीटवरचे कालिकांबाळ मंदिर. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, ३ ऑक्टोबर १६७७ रोजी, शिवाजी महाराजांनी इथे दर्शन घेतले असे मंदिराची परंपरा सांगते. सव्वा महिन्याचे बाळ घेऊन पहिल्यांदा बाहेर पडायचे तर याहून आपले ठिकाण दुसरे कोणते?

बाकी जॉर्ज टाउन म्हणजे बाजारच. गोडाउन स्ट्रीटवर कापड, अँडरसन स्ट्रीटवर कागद, गोविंदप्पा नायकन स्ट्रीटवर किराणा, काशी चेट्टी स्ट्रीटवर खेळणी, प्लास्टिक आणि परदेशी वाटणाऱ्या वस्तू. पूर्वी कोत्तवाल चावडीत भाजीचा मोठा बाजार होता, तो १९९६ साली कोयंबेडूला गेला. अशा ठिकाणी राहणाऱ्या बाईला वाटते की आपल्याला सगळे स्वस्त पडते. झबली डझनाने घेतली की पडतातही. पण घाऊक बाजाराची खोड अशी की तो माणसाला गरजेपेक्षा जास्त घ्यायला लावतो. बाळ तीन महिन्यांत वाढते आणि डझनातली पाच झबली घडीसुद्धा न मोडता लहान होतात. तान्ह्याचे कपडे पुढच्या मापाचे आणि थोडेच घ्यावेत, हे आजीने सांगितलेले घाऊक बाजारातही खरे ठरते.

लंगोट, पाऊस आणि पाणी

कपड्यापेक्षा मोठा खर्च कपड्याखालचा. दिवसाला पाच डायपर धरले तर महिन्याला दीडशे लागतात. एक नग दहा रुपयांना पडतो असे समजले तर झाले दीड हजार. फक्त रात्री एक वापरला तर तीनशे. म्हणजे दिवसा लंगोट आणि रात्री डायपर एवढ्या साध्या विभागणीने महिन्याचे बाराशे रुपये वाचतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळाचे डायपर आणि दुधाच्या बाटल्या यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दुकानदाराने ही सूट पुरती पुढे दिली तर दीड हजारांच्या खरेदीत सुमारे नव्वद रुपये कमी होतात. वाईट नाही, पण लंगोटाची बरोबरी त्याला नाही.

मात्र लंगोटाला पाणी लागते आणि चेन्नईत पाण्याचा प्रश्न जुना आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारी तळी आटली आणि टँकरच्या रांगांची छायाचित्रे जगभर गेली. पिण्यासाठी वीस लिटरचा कॅन विकत घेण्याची चेन्नईकरांना सवयच आहे. तान्ह्या बाळाचे दहा-बारा लंगोट रोज धुवायचे तर नळाला पाणी किती वेळ येते, हे आधी बघावे लागते. वरच्या मजल्यावर पाणी चढवून आणणाऱ्या बाईला डायपर ही चैन आहे असे आपण पुण्यात बसून सांगू नये.

दुसरी गंमत पावसाची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. चेन्नईत त्या दिवसांत ऊन असते. खरा पाऊस येतो ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर. गावाकडून नवीन आलेली सून जूनमध्ये निर्धास्त असते आणि ऐन दिवाळीच्या सुमारास ओले लंगोट पंख्याखाली टाकून बसते. या दोन-अडीच महिन्यांत डायपरचा खर्च दुप्पट होणार असे आधीच धरून ठेवले तर वही बिघडत नाही.

जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी गावाकडून येतात, ती सर्वांत चांगली. तमिळ शेजारीण जुन्या वेष्टीचे, म्हणजे धोतराचे, तुकडे वापरते आणि जुन्या सुती साडीची ‘तूळी’ छताच्या हुकाला बांधते. आपली झोळीच ती. शे-दोनशे रुपयांच्या दोरीत काम होते, तिथे चार-पाच हजारांचा लाकडी पाळणा घ्यायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. हुक पक्का आहे ना, एवढे मात्र बघावे.

डब्याचे गणित

आता मुख्य गोष्ट, दूध. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटनेपासून गल्लीतल्या परिचारिकेपर्यंत सगळे सांगतात. त्याचे आरोग्याचे फायदे वाचकांना ठाऊक आहेत. पैशाचे गणित सहसा कुणी मांडत नाही, ते मांडू या.

चार महिन्यांचे बाळ पूर्णपणे डब्याच्या दुधावर असेल तर दिवसाला साधारण आठशे ते नऊशे मिलिलिटर दूध घेते. त्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम पावडर लागते. म्हणजे चारशे ग्रॅमचे पाकीट साडेतीन दिवसांत संपते. महिन्याला आठ-नऊ पाकिटे. पाकीट साडेचारशे रुपयांचे धरले तर ३,६०० ते ४,०५० रुपये! दुकानात एका पाकिटाची किंमत बघून कुणी घाबरत नाही. आठ-नऊने गुणले की मग घाम फुटतो. आणि खर्च जड झाला की घरोघरी एकच चूक होते, पावडर पातळ कालवायची. मापाच्या चमच्यातली ही काटकसर बाळाच्या वजनावर निघते. डबा द्यायचाच असेल तर पाकिटावरच्या मापानेच द्यावा.

या डब्यांविषयी आपल्याकडे एक कडक कायदा आहे, पण तो फार जणांना माहीत नाही. १९९२ साली झालेल्या आणि २००३ साली दुरुस्त केलेल्या या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांच्या दुधाच्या पावडरीची, बाळअन्नाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. फुकट नमुने वाटता येत नाहीत. पाकिटावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापता येत नाही. प्रसूतिगृहातून निघताना कुणी हातात फुकट डबा ठेवला, तर ती भेट घेऊ नये. पहिला डबा फुकट असतो, पुढचे आठ विकत.

अर्थात काही आयांना खरोखरच दूध येत नाही, काही आजारी असतात, कुणाचे बाळ अपुऱ्या दिवसांचे असते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. अशा बाळांसाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली मानली जाते. पुढे चेन्नईतही सरकारी रुग्णालयांत अशा पेढ्या निघाल्या.

दूध पाजण्यासाठी बाईला निवांत जागा हवी, हाही खर्चाचाच भाग. बाजारहाटाला निघालेली आई जागेअभावी बाटली भरून घेते आणि तिथून सवय लागते. तमिळनाडूत २०१५ साली बसस्थानकांवर स्तनपानासाठी बंद खोल्या उभारल्या गेल्या.

सहाण, वेखंड आणि उरै मरुंदु

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न. इथे आपली नाचणी आणि तमिळ घरातली नाचणी यांची गाठ पडते. भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून केलेले नाचणीचे सत्त्व तिकडेही तान्ह्यांना देतात. डाळी-धान्ये भाजून केलेले ‘सत्तु मावु’ हे आपल्या सातूच्या पिठाचे भावंड. महिन्याला किलोभर पीठ पुरते. गोविंदप्पा नायकन स्ट्रीटवरून धान्य आणून गिरणीतून दळून घेतले तर बाजारातल्या तयार डब्याच्या कितीतरी कमी पैशात होते. केळे, मऊ भात, वरण, उकडलेले अंडे यांना वेगळे पैसे लागत नाहीत, घरात शिजते त्यातलेच असते. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नये आणि मध तर अजिबात देऊ नये.

वर्षानंतर रोज अर्धा लिटर दूध धरले तर महिन्याला पंधरा लिटर. लिटर ४५ ते ६० रुपयांच्या दरम्यान धरले तर पावणेसातशे ते नऊशे रुपये. चेन्नईत ‘आविन’ हे सहकारी दूध घरोघरी येते. मे २०२१ मध्ये राज्य सरकारने त्याचा भाव लिटरमागे तीन रुपयांनी उतरवला, तेव्हा अशा घराचे महिन्याला पंचेचाळीस रुपये वाचले. पाकिटावर स्निग्धांश छापलेला असतो. दोन वर्षांखालच्या मुलाला साय काढलेले दूध नको, एवढे पाहून घ्यावे.

आणि बाळगुटी? गावाकडची आजी डबीत मुरडशेंग, वेखंड, जायफळ, मायफळ, हिरडा, सुंठ, ज्येष्ठमध बांधून देते. तमिळ आजीची डबी उघडली तर जवळपास हेच निघते. तिला ‘उरै मरुंदु’, म्हणजे उगाळायचे औषध, असे नाव आहे. वेखंडाला तमिळमध्ये ‘वसंबु’ म्हणतात आणि त्याचे दुसरे नाव ‘पिळ्ळै वळर्प्पान’, मूल वाढवणारा. त्याचे मणी ओवून बाळाच्या मनगटात बांधतात. रासप्पा चेट्टी स्ट्रीटवरच्या ‘नाट्टु मरुंदु’, म्हणजे गावठी औषधांच्या, दुकानांत ही सगळी मुळे मिळतात आणि ती स्वस्त असतात. बालरोगतज्ज्ञ मात्र सहा महिन्यांच्या आत गुटी देऊ नका असे सांगतात. सहाण नीट धुतलेली नसते, प्रमाण अंदाजाने असते आणि जुलाब लागले की डॉक्टरची फी गुटीच्या दसपट होते. ‘साम्ब्राणी’च्या धुरीचेही तसेच. न्हाऊन झाल्यावर केसांना वास येतो छान, पण बंद खोलीतला धूर कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. आपल्या शेगडीलाही हेच लागू.

धुराचाच विषय निघाला म्हणून सांगायला हवे. गलाईच्या कामात भट्टी असते, नायट्रिक आम्ल असते. कामाची जागा आणि राहण्याची जागा एकाच इमारतीत असेल तर बाळाच्या खोलीकडे तो धूर येऊ देऊ नये. दुसरी खोली भाड्याने घ्यावी लागली तर तो खर्च बाळाच्या खात्यात लिहावा आणि त्यात कंजुषी करू नये. घरमालक दहा-दहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागत, ही चेन्नईची जुनी रीत. तमिळनाडूच्या २०१७ च्या भाडेकायद्याने, जो २०१९ पासून लागू झाला, निवासी जागेची अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. घासाघीस करताना हे उपयोगी पडते.

फुकट मिळते, पण मागावे लागते

लस हा सर्वांत न समजणारा खर्च. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात क्षयरोग, पोलिओ, कावीळ ब, पंचगुणी लस, गोवर-रुबेला या लशी फुकट मिळतात. जुलाब रोखणारी रोटाव्हायरसची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आणि न्यूमोनियाविरुद्धची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने त्यात आली. २०२१ पर्यंत न्यूमोनियाची लस देशभर पोचली. खासगी दवाखान्यात याच प्रकारच्या परदेशी लशीचा एकेक डोस तीन-चार हजारांच्या घरात जातो. तीन डोसांचे दहा-बारा हजार म्हणजे पहिल्या वर्षात दरमहा सुमारे हजार रुपये. पैसे दिले म्हणजे लस जास्त चांगली, हा समज मध्यमवर्गात घट्ट बसला आहे. सरकारी आरोग्य केंद्रातली लस आधी घ्यावी. त्या यादीत नसलेल्या कोणत्या लशी घ्यायच्या, तेवढेच डॉक्टरला विचारावे.

पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. बाळाला पहिल्या लशी विट्याला मिळतात आणि पुढच्या चेन्नईत घ्यायच्या असतात. माता-बाल संरक्षण कार्ड प्रवासात पिशवीच्या तळाशी न टाकता हातात ठेवावे. ते दाखवले की देशात कुठल्याही सरकारी केंद्रात पुढचा डोस मिळतो. जॉर्ज टाउनला लागून स्टॅन्ली रुग्णालय आहे, रॉयपुरमला आर. एस. आर. एम. प्रसूती रुग्णालय आहे. १८४४ साली सुरू झालेले एग्मोरचे सरकारी प्रसूती रुग्णालयही दूर नाही. परगावच्या माणसाला या इमारतींची भीती वाटते, ती गर्दीची आणि भाषेची. सोबत तमिळ शेजारीण असली की अर्धी भीती जाते.

तमिळनाडूत गरीब गर्भवतींसाठी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने योजना आहे. डॉ. मुथुलक्ष्मी १९२७ साली मद्रास विधान परिषदेवर गेल्या, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या त्या पहिल्या महिला आमदार. २०१८ साली या योजनेची मदत अठरा हजार रुपयांची झाली, चौदा हजार रोख आणि चार हजारांच्या पोषण संचांच्या रूपाने. संचात आविनचे तूप, खजूर, लोहाचे टॉनिक अशा वस्तू. एकोणीस वर्षे पूर्ण झालेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या स्त्रियांना, पहिल्या दोन बाळंतपणांपुरती. केंद्र सरकारची मातृवंदना योजना तिथे तिच्यातच गुंफलेली आहे. गर्भारपणाची नोंद सरकारी केंद्रात वेळेवर केलेली असावी लागते आणि तिचा क्रमांक तमिळनाडूत जन्मदाखल्याच्या वेळीही मागतात. भट्टीवर मजुरी करणाऱ्याच्या बायकोला हे कुणी सांगत नाही. मालकाच्या बायकोला त्याची गरज नसते.

अंगणवाडीचेही तसेच. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची केंद्रे शहरातही आहेत. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना तिथून सत्तु मावु घरी मिळते. दोन वर्षांवरच्या मुलांना गरम जेवण आणि ठरलेल्या दिवशी उकडलेले अंडे. खासगी बालवाडीची हजार-दोन हजार फी भरण्याआधी जवळची अंगणवाडी एकदा पाहून यावी. मूल तिथे चार महिन्यांत तमिळ शिकते आणि मग आईला भाजीवाल्याशी बोलायला दुभाषा मिळतो, तो फायदा वेगळाच!

मग बेरीज किती?

एक घर असे धरू. आईचे दूध, रात्रीचा डायपर ३००, तेल-साबण-कपड्यांची पावडर ४००, डॉक्टर आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब ६००, वाढलेले पाणी-वीज-गॅस ५००. एकूण १,८०० रुपये. शेजारच्याच घरात डब्याचे दूध ४,०००, डायपर १,५००, तेल-क्रीम-पावडरी ८००, खासगी लशींचा दरमहा वाटा १,०००, डॉक्टर ६००, पाणी-वीज ५००. एकूण ८,४०० रुपये. दोन्ही बाळे सारखीच गुटगुटीत असू शकतात. फरक ६,६०० रुपयांचा. हे आकडे अंदाजाचे आहेत, आपल्या गावच्या भावाप्रमाणे वाचकांनी ते बदलून घ्यावेत.

या बेरजेत मालीश करणारी बाई नाही. आईला मदत हवी असते आणि गावाहून सासू येऊ शकत नसेल तर दोन महिने बाई ठेवण्यात काही गैर नाही. चांदीचे वाळे, बिंदल्या, साखळ्याही नाहीत. सराफ बाजारात राहून त्यांचा मोह आवरणे कठीण, हे मान्य, पण ते हौसेच्या पानावर लिहावे.

आणि एक रक्कम या वहीत कुणीच लिहीत नाही. नोकरी करणारी बाई मुलासाठी घरी बसली, तर तिचा पगार हा त्या घरातला बाळाचा सर्वांत मोठा मासिक खर्च असतो. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. तमिळनाडू सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांची रजा १ जुलै २०२१ पासून बारा महिन्यांची केली. पण जॉर्ज टाउनच्या बहुतेक दुकानांत चार-पाच माणसे काम करतात, तिथे पाळणाघर कुठले? हिशेब लिहिणारी, पाकिटे बांधणारी बाई तिसऱ्या महिन्यात एकतर कामावर येते किंवा काम सोडते.

वाचलेल्या पैशांतून काही बाळाच्या नावे टाकायचे असतील तर राजाजी सालैवरचे जनरल पोस्ट ऑफिस हाकेच्या अंतरावर आहे. १८८४ सालची ही देखणी लाल इमारत. मुलगी असेल तर २०१५ साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत वर्षाला किमान अडीचशे रुपये भरून खाते चालते. दरमहा पाचशे टाकले तर पंधरा वर्षांत मुद्दलच नव्वद हजार होते, व्याज निराळे.

खाते उघडायला जन्मदाखला लागतो. जन्माची नोंद एकवीस दिवसांत विनाशुल्क होते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत हाच दाखला चालतो, म्हणून त्यावरचे नाव नीट पाहून घ्यावे. तमिळनाडूत आडनाव लावत नाहीत. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे लावतात. आपण बाळाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही लिहितो. दाखल्यावर आद्याक्षर, आधारवर आडनाव आणि अंगणवाडीच्या वहीत दोन्ही नाही, असे झाले की पुढे प्रतिज्ञापत्रे आणि खेपा यांत दिवस जातात. अर्ज भरतानाच नाव पूर्ण लिहावे, तमिळ कारकुनाला इंग्रजी स्पेलिंग कागदावर काढून द्यावे आणि छापून आलेला दाखला खिडकीपासून हलण्याआधी वाचावा.